कापड बंद करा

आमच्या कंप्युटरला मी स्वतः शिवलेलं कव्हर घातलेलं होतं. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. चांगलं जाड कापड, आतून अस्तर, मधे पातळ कापूस, चारी बाजूंनी चेन. तेरा वर्षांचा कंप्युटर, पण अंगावर धुळीचा कण नाही. आणि हे गृहस्थ चेन उघडून दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "ताई, ह्याला स्वेटर कोणी घातलं?"

हे गृहस्थ म्हणजे फुंकरभाऊ. गल्लीच्या टोकाला त्यांचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खरं नाव पाटीवर लिहिलंय, पण कुठलंही काम ते झाकण उघडून जोरात फुंकर मारूनच सुरू करतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना फुंकरभाऊ म्हणते. पन्नाशी उलटलेला माणूस. त्यांच्या पँटची कंबर मी आजवर तीनदा वाढवून दिलीय, त्यामुळे माझ्यासमोर फार आवाज करत नाहीत.

"हवा खेळायला ह्याला भोकं असतात हो," ते म्हणाले. "तुम्ही ती झाकलीत."

"भोकातून धूळ जाते."

"हवाही जाते, ताई."

मी कव्हरची घडी करून मांडीवर ठेवली.

मी बायकांचे कपडे शिवते. चाळीस वर्षं झाली. समोरच्या खोलीत दुकान, मागे घर. माझ्या दुकानात एक पद्धत आहे. तोंडाने 'छान झालं हो' वगैरे म्हणायची मला सवय नाही. हाताखालच्या मुलींनी शिवलेला कपडा मी आधी उलटा करते आणि आतली शिवण बघते. नीट असेल तर काही न बोलता दाराजवळच्या खुंटीवर लावते, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल असा. नीट नसेल तर परत मांडीवर टाकते. बस. कपडा खुंटीवर लागला की ती मुलगी दिवसभर गुणगुणत काम करायची. माझ्या मुलीचा मात्र एकही कपडा त्या खुंटीवर कधी लागला नाही.

मुलगी अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात गेली. तिथे एका कंपनीत गेम बनवते. गेम बनवते म्हणजे नेमकं काय करते, हे मी विचारलं नाही असं नाही. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने सांगितलेलं डोक्यावरून गेलं, आणि तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. मग दर रविवारी फोनवर तिचं 'जेवलीस?' आणि माझं 'जेवले'. तिचं 'गुडघा कसा आहे?' आणि माझं 'आहे तिथेच आहे'. तीन मिनिटांत आटपायचं. फोन ठेवल्यावर मला दर वेळी आठवायचं की अरे, हे सांगायचं राहिलं, ते विचारायचं राहिलं. पण फोन हातात असताना तोंडाला कुलूप.

तर एका रविवारी ती म्हणाली, "आई, आमचा गेम आला बाजारात. मी तुला पाठवते. त्यात एक गाव आहे, गावात कपडे शिवायचं दुकान आहे. तेवढं बघशील? बघून झालं की फोन कर."

अकरा वर्षांत पोरीने माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "बघते की, त्यात काय एवढं!" फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की बघायचं कसं, ते आपल्याला ठाऊकच नाही.

घरातला कंप्युटर तिच्या कॉलेजच्या वेळचा. तिने चित्रं काढायला घेतलेला. मी त्याच्यावर वर्षातून दोनदा वीजबिल भरते आणि रोज कव्हर पुसते. फुंकरभाऊंनी गेम उतरवून घ्यायला लावला, तर त्यालाच दोन दिवस लागले. मग त्यांनी एक यादी वाचली, ह्या गेमला काय काय लागतं त्याची. वाचता वाचता त्यांचा चेहरा पडत गेला.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचं मशीन जरा... वयस्कर आहे."

"मीही आहे. कामं करते की नाही?"

चित्रं दाखवणारं नवीन कार्ड मागवलं तर यायला महिना, आणि आलं तरी ह्या खोक्यात मावणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या दुकानातली मशीनं तर ह्याच्याहून जुनी. कुणीतरी हा गेम खेळतानाचा व्हिडिओ त्यांनी फोनवर दाखवला, पण त्यात एक तलवारवाला गडी त्या दुकानासमोरून असा सुसाट पळत गेला की पाटीसुद्धा धड दिसली नाही. दुसऱ्या व्हिडिओतही तेच. सगळ्यांना राक्षसाला मारायची घाई. शिवणकामाच्या दुकानात शिरायला वेळ आहे कुणाला?

म्हणजे आपल्याच कंप्युटरवर चालवणं भाग होतं. पहिल्यांदा लावला तेव्हा काळा पडदा आला आणि आतला पंखा असा घरघरायला लागला की समोरच्या घरातल्या आजोबांनी खिडकी उघडली. दुसऱ्यांदाही काळाच. तिसऱ्यांदा आकाश दिसलं, आणि कंप्युटर आपोआप बंद झाला. फुंकरभाऊ म्हणाले, तापतोय. मी शिलाई मशीनशेजारचा माझा टेबलफॅन उचलून आणला आणि त्याच्या उघड्या पोटासमोर लावला. फुंकरभाऊंनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. कारण मला कळलं नाही. तापलेल्या माणसाला आपण वारा घालतोच ना?

मग ते म्हणाले, "आता कापाकापी करावी लागेल. जे जे नको ते बंद करू, म्हणजे ओझं कमी होईल."

हे मला पटलं. कापड कमी असलं की आपणही आधी झालरी उडवतो, मग घेर कमी करतो, अगदीच वेळ आली तर बाह्या आखूड करतो. मी खुर्ची ओढून बसले आणि मापाच्या वहीत लिहायला लागले. ते एकेक वाचायचे आणि मी निकाल द्यायची.

"सावल्या?"

"सावल्या कशाला हव्यात? उडवा."

"पाण्यातली प्रतिबिंबं?"

"उडवा."

"गवत?"

"गवताचं काय करायचंय? उडवा!"

मधे काही नावं अशी आली की ती त्यांनाही उच्चारता येईनात. ती सरसकट उडवली. मग ते म्हणाले, "क्लॉथ सिम्युलेशन. म्हणजे कापड कसं हलतं, कसं पडतं, ते. ह्याला फार ताकद लागते."

मला हसूच आलं. "कापड? कापड कसं पडतं ते आता हा डबा मला शिकवणार? चाळीस वर्षं काय मी गवत कापलं? बंद करा!"

त्यांनी बंद केलं, मी वहीत 'कापड, बंद' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

गेम चालला. चालला म्हणजे, आचके देत का होईना, हलला. चार बटणांनी चालायचं आणि माउसने बघायचं असं फुंकरभाऊंनी शिकवलं, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेले. पुढचा तास माझी जी काही गत झाली ती शत्रूचीही होऊ नये. माझा माणूस भिंतीत तोंड खुपसून चालतोय. मी त्याला वळवते तर तो आकाशाकडे बघतो. एकदा विहिरीत पडला. कोण आहे हा, ह्याला कुठे जायचंय, कुणाशी ह्याचं वैर, काही म्हणता काही कळेना. मधेच एक म्हातारा येऊन माझ्याशी बोलायचा आणि मी काही उत्तर द्यायच्या आत रागावून निघून जायचा. तो का रागावला? मी काय केलं?

शेवटी बाजार सापडला. आणि बाजाराच्या कोपऱ्यात ते दुकान. पुढे खोली, दोन मशीनं, कापायचं लांब टेबल. दाराजवळ खुंटी! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पोरीने खुंटी आठवणीने ठेवली होती. पण खुंटीवर जे टांगलं होतं ते बघून माझं डोकंच फिरलं. निळ्या रंगाचा फ्रॉक, आणि तो असा ताठ, जसा पत्र्याचा कापून टांगलाय. ना चुणी, ना घेर, ना खाली पडणं. रंगही सारवल्यासारखा. टेबलावरचं कापड म्हणजे नुसती फळी.

मी तिथल्या तिथे फोन लावला. तिने लगेच उचलला. वाट बघत असावी.

"बघितलंस, आई?"

आणि मी तोंड सोडलं. "बघितलं. पण कापड असं पडतं का गं? खुंटीवर तो पत्रा टांगलाय का फ्रॉक? कोणी केलंय ते? तुला दिसत नव्हतं? लहानपण माझ्या मशीनखाली गेलं तुझं, आणि कापड कसं लोंबतं एवढं तुला सांगता आलं नाही त्या लोकांना?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बरं, आई," ती म्हणाली. "ठेवते."

खुंटी बघून बरं वाटलं, हे सांगायचं राहूनच गेलं.

पुढच्या रविवारी तिचा फोन आला नाही. मी केला, तिने उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. 'कामात आहे' एवढे दोन शब्द लिहून आले. मी चक्रावून गेले. काय असं वाकडं बोलले मी? गेममधला फ्रॉक वाईट होता, त्याला वाईट म्हणाले. तिला कशाला लागावं? मशीनवर बसले की दोरा तुटायचा, बाही उलटी लागायची. एका बाईच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि मग तो दुसरा फ्रॉक आठवायला लागला, जो मी एरवी मुद्दाम आठवत नाही.

ती सतरा वर्षांची होती. सुट्टीभर बसून तिने स्वतःसाठी एक फ्रॉक शिवला होता. गोल कॉलर, डाव्या बाजूला एकच खिसा. वरून दिसायला सुरेख झाला होता, खोटं कशाला बोलू. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली, आणि ती नाचत घेऊन आली. मी सवयीने उलटा केला. आत सगळे दोरे लोंबत होते, कडा कच्च्या, मायाच ठेवलेली नाही. शिवणीला दोन बोटं कापड आत सोडायला नको? ती म्हणाली, "आत कोण बघणार आहे, आई?" मी म्हणाले, "मी बघते ना!" आणि कात्री घेऊन तिच्यासमोर, त्या बायकांसमोर, सगळा फ्रॉक उसवला. मांडीवर टाकला. नीट शिकावी म्हणूनच केलं हो. पण त्या दिवसानंतर ती मशीनला शिवली नाही. आणि दोन वर्षांनी गेलीच.

तिसऱ्या सोमवारी फुंकरभाऊ पँट न्यायला आले. माझा अवतार बघून विचारलं, काय झालं. मी आजवर कुणापुढे रडले नाही, पण त्या दिवशी त्यांची पँट हातात धरून सगळं भडाभडा सांगून टाकलं. मी म्हणाले, "मला कळतच नाही हो, माझं चुकलं काय? एवढीच एक पोर आहे मला. आता तीही गेली हातातून."

त्यांनी पँट माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली. कंप्युटरसमोर बसले आणि गेममधली एक यादी उघडली, कोणी कोणी काय काम केलं त्याची. नावंच नावं, शेकड्यांनी. खाली खाली जात राहिले आणि मग थांबले.

"ताई, इकडे या."

माझ्या मुलीचं नाव होतं. छापलेलं. नावासमोर काहीतरी इंग्रजी.

"काय लिहिलंय?"

ते चष्मा पुसत बसले. "कापड," ते म्हणाले. "ह्या अख्ख्या गेममधलं कापड तुमच्या मुलीने केलंय. आणि आपण ते..."

मापाची वही टेबलावरच होती. 'कापड, बंद', खाली रेघ. तिने खपून केलेली गोष्ट मी एका शब्दात उडवली, आणि वर तिलाच फोन करून विचारलं की कापड का नाही.

"चालू करा," मी म्हणाले.

"पेलणार नाही त्याला."

"मग बाकी सगळं बंद करा. माणसं बंद करा, आकाश बंद करा, घरं बंद करा. कापड चालू!"

अख्खी दुपार आम्ही दोघं खपत होतो. त्यांनी चित्र लहान करत करत रुमालाएवढं केलं. गावातली झाडं गेली, आवाज गेला, आकाश राखाडी झालं, माणसांचे चेहरे पुसल्यासारखे झाले. टेबलफॅन पुढे आणि पुठ्ठ्याने वारा घालत मी बाजूला. मग त्यांनी कापडासमोरची खूण बदलली, आणि माझ्या माणसाच्या अंगावरचा अंगरखा हलला.

एक पाऊल टाकलं की चित्र थांबायचं, मग पुढचं पाऊल. बाजारापर्यंत जायलाच पाव तास गेला. दुकानात शिरले. टेबलापाशी कुणी एक बाई उभी होती, चेहरा नसलेली, माझ्यासारखीच जाडी. तिने कापड उचललं आणि पसरायच्या आधी दोनदा झटकलं. मग डाव्या हाताची उलटी बाजू त्याच्यावरून फिरवली. मी माझ्या हाताकडे बघितलं. हे मी करते. मी असं करते हे मला माहीतच नव्हतं.

"भाऊ, ही कोण?"

"मला काय विचारता?" ते हळूच म्हणाले.

खुंटीकडे वळले. निळा फ्रॉक, आणि आता तो लोंबत होता, सुती कापड लोंबतं तसा, घेर खाली जड, वाऱ्याने एक कडा जराशी उचललेली. गोल कॉलर. डाव्या बाजूला एकच खिसा.

जवळ गेले तर पडद्यावर एक बटण उमटलं. फुंकरभाऊंनी वाचलं, "उलटून पाहा."

"हे काय? तलवारवाल्या गड्याला फ्रॉक उलटून काय करायचंय?"

"मलाही कळत नाही, ताई. दाबा तर खरं."

दाबलं. फ्रॉक सावकाश उलटा झाला. पण आत सगळं धूसर, नुसता निळा डाग. मी पडद्याला नाक लावलं. शिवण काही दिसेना.

"बारकावे वाढवावे लागतील," फुंकरभाऊ म्हणाले. "पण मग हा मरेल. आत्ताच हात लावून बघा, तवा झालाय."

"वाढवा."

"परत चालू होईल की नाही सांगता येत नाही."

"वाढवा म्हणते ना!"

त्यांनी वाढवलं. पंखा किंचाळला, चित्र एकदा थरथरलं आणि थिजलं. बाण हलेना, काही हलेना. गेला कंप्युटर. पण जायच्या आधी त्याने ते दाखवलं होतं, आणि ते तसंच पडद्यावर राहिलं. फ्रॉकची आतली बाजू. एकूणएक कड दुमडून शिवलेली. एकसारखे बारीक टाके, शेवटी दोऱ्याला गाठ. दोन बोटं माया, मोजून. खिशाचं आतलं कापडसुद्धा पक्कं केलेलं. जगातले सगळे लोक ज्या दुकानासमोरून पळत जातात, तिथल्या एका फ्रॉकच्या आतल्या बाजूला.

फुंकरभाऊ मान खाली घालून स्क्रूच्या डबीत काहीतरी शोधत बसले. त्यांना काही सापडत नव्हतं आणि नकोही होतं.

फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"आई, मी मीटिंगमधे..."

"आतून बघितला," मी म्हणाले.

पलीकडे दार उघडल्याचा, मग लागल्याचा आवाज आला.

"चुकून बंद केलं होतं गं मी ते. कापड. मला माहीत नव्हतं ते तुझं आहे. मला काहीच माहीत नव्हतं. आज चालू केलं. आतून बघितला."

मग ती म्हणाली, "ते उलटायचं बटण ठेवण्यासाठी मी तीन मीटिंगा भांडले. सगळे हसले मला. म्हणाले, आत कोण बघणार आहे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, एक जण बघते."

आता इथे आईने काय बोलायचं असतं? मला कुणी शिकवलं नाही. 'छान झालंय' म्हणायला तोंड उघडलं, पण चाळीस वर्षं न म्हटलेला शब्द असा ऐन वेळेला कुठून येणार? समोर तो फ्रॉक, आतली बाजू वर करून थिजलेला. फुंकरभाऊंनी हळूच कंप्युटरच्या बटणाकडे हात नेला. मी त्यांच्या हातावर चापट मारली.

"खुंटीवरच राहू दे तो," मी तिला म्हणाले. "काढू नका."

ती रडायला लागली. मीही.